जुनी ‘टर्बो’ गाडी घेताय? जरा थांबा!

मैत्रिणींनो, घरात गाडी घ्यायचे ठरले की आपल्याला विचारतात ते फक्त रंगाचे. निळी बरी की पांढरी? आपण हौसेने रंग सांगतो आणि पंधरा दिवसांनी मोडायला निघते ती आपल्या नावावरची ठेव! म्हणून आज लोणची-मुरंबे बाजूला ठेवून जरा वेगळ्या विषयाकडे वळू.

आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या चिरंजीवांनी सध्या घर डोक्यावर घेतले आहे. नोकरी लागून तीन वर्षे झाली, आता त्यांना हवी आहे जुनी स्पोर्ट्स कूपे. कूपे म्हणजे दोन दारांची, बसकी, मागे उतरत्या छपराची गाडी. मागच्या सीटवर सासूबाईंना बसवायचे तर आधी योगासने शिकवावी लागतील! पण मुलगा म्हणतो, “आई, एवढ्या स्वस्तात पुन्हा मिळणार नाही.”

इथेच खरी मेख आहे. ऑडी टीटीसारखी कूपे २०१५ साली आपल्याकडे नवी घ्यायची तर साठ लाखांच्या घरात जात होती. आज तीच जुनी गाडी पुष्कळ उतरलेल्या किमतीला मिळते. पण एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. गाडी घेताना ती मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात येते, दुरुस्तीला नेली की पुन्हा श्रीमंताची होते.

आता हे ‘टर्बो’ काय प्रकरण आहे? आपल्या आज्या चुलीत फुंकणीने फुंकर घालायच्या आणि जाळ भडकायचा. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटे चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र जास्तीची हवा इंजिनात कोंबते. म्हणून लहान इंजिनही मोठ्याचे बळ दाखवते. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. ते तेल जुने झाले, जळून घट्ट झाले की फुंकणीचे आयुष्य संपले म्हणून समजा.

म्हणजे टर्बो वाईट का? मुळीच नाही. निगा न राखणारा मालक वाईट. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बोची दोन दारी गाडी निघाली. तिच्या इंजिनाला पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण लागे. त्यासाठी वेगळी टाकी होती आणि ती मालकाने वेळच्या वेळी भरायची. लोक विसरत, गाडी दम सोडी आणि तक्रारी होत. शेवटी १९६५ मध्ये टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची तयारी कंपनीनेच दाखवली! यंत्र हुशार होते, पण रोजच्या संसारात त्याची निगा राखणे जमले नाही. जुनी गाडी पाहायला जाताना हेच ध्यानात ठेवायचे. आपण गाडीबरोबर तिच्या आधीच्या मालकाच्या सवयीही विकत घेत असतो.

तेव्हा पाहणीला आपणही जावे आणि पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. सर्व्हिसचे पुस्तक आणि पावत्या मागा. तेल किती किलोमीटरवर आणि किती महिन्यांनी बदलले, ते पाहा. “सगळे वेळेवर केलेय हो, पावत्या तेवढ्या सापडत नाहीत” असे उत्तर आले, तर वेळेवर केलेले नाही असेच धरून चाला.

२. गाडी थंड असतानाच पाहायची, असे आधी सांगून ठेवा. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर कोणीतरी आधीच चालू करून ठेवली आहे. पहिल्यांदा चालू होताना येणारा खडखडाट आणि धूर लपवण्याचा हा नेहमीचा उपाय.

३. धुराचा रंग पाहा. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल तर इंजिन थंड ठेवणारे पाणी आत शिरते आहे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. थंडीच्या सकाळी थोडी वाफ निघाली तर घाबरू नका.

४. कान द्या. टर्बोची बारीक शीळ स्वाभाविक असते. पण वेग वाढवताच भोंग्यासारखा आवाज चढत असेल, तर मेस्त्रीला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

५. घरातली चार माणसे बसवून चढावर चालवून पाहा. गिअर बदलताना हिसका बसतो का, मध्येच दम जातो का, ते तिथे कळते.

६. ‘ट्यून’ केलेली गाडी टाळा. कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून फुंकणीचा जोर वाढवलेला असतो. त्याचा ताण इंजिन आणि गिअरबॉक्स दोघांवर येतो, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी हरकत घेते ती वेगळीच.

७. पुरातली गाडी ओळखा. गालिचा उचलून चिखल पाहा, सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा, कोंदट वास घ्या. कोंदट वास ओळखण्यात आपला हात कोण धरणार?

यानंतर आपल्या ओळखीच्या मेस्त्रीकडून, यंत्र लावून तपासणी करून घ्या. विकणाऱ्याच्या मेस्त्रीकडून नव्हे! त्याची फी जाते म्हणून हळहळू नका. साडी घेताना आपण ती उजेडात नेऊन पाहतोच की!

कागदपत्रांत आर.सी. बुकावर कर्जाचा बोजा आहे का, ते आधी पाहा. असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला लागतो आणि आपल्याकडे रस्ताकर पुन्हा भरावा लागतो. स्वस्ताईचा निम्मा आनंद तिथेच संपतो. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत अर्ज करा. आणि घरची जुनी गाडी विकत असाल तर नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत स्वस्थ बसू नका. नोंदीत ज्याचे नाव, अपघातात जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

पैशांचे म्हणाल तर ठरवलेली सगळी रक्कम गाडीत घालू नका. निदान पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा काढून ठेवा. तेवढा निघत नसेल तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, एवढा सरळ हिशेब आहे. आणि हा हिस्सा मुलीच्या फीच्या पैशांतून किंवा तुमच्या ठेवीतून काढायचा नाही, हे आधीच बोलून घ्या. मागाहून बोलले की भांडण होते, आधी बोलले की त्याला नियोजन म्हणतात.

गाडी घेतलीच तर दोन सवयी घरात लावा. थंड इंजिन एकदम पळवायचे नाही. आणि घाट चढून आल्यावर किंवा लांबचा वेगाचा प्रवास संपल्यावर इंजिन मिनिटभर तसेच चालू ठेवून मग बंद करायचे. भाकरी झाल्यावर तापलेल्या तव्यावर आपण लगेच पाणी ओतत नाही, तसेच हे.

हौसेला मोल नाही म्हणतात. खरे आहे, पण दुरुस्तीला असते. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हौसेवर पाणी टाका, असे मी म्हणत नाही. वही-पेन्सिल घेऊन बरोबर जा आणि प्रश्न विचारा. “बाईसाहेब, तुम्हाला यातले कळायचे नाही,” असे विकणारा म्हणाला, तर हसून सांगा, “म्हणूनच तर विचारते आहे.” ज्याची गाडी चांगली आहे, तो उत्तर द्यायला कंटाळणार नाही.