मच्छरदाणी घरात आली, पण टांगली का?

आफ्रिकेत गेली वीस-पंचवीस वर्षे वाटली जाणारी मच्छरदाणी म्हणजे डासांपासून नुसता आडोसा नव्हे. तिच्या धाग्यातच पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक मुरवलेले असते. माणसाच्या वासाने आलेली ॲनोफेलिस मादी जाळीवर टेकते आणि मरते. गावातल्या बहुतेक घरांत अशा जाळ्या टांगल्या की डासांची संख्याच घटते. पश्चिम केनियातील एका मोठ्या अभ्यासात दिसले की, मच्छरदाण्या वाटलेल्या वस्तीपासून ३०० मीटरच्या आत राहणाऱ्या, पण स्वतःकडे मच्छरदाणी नसलेल्या घरांतील मुलांचेही मलेरियापासून संरक्षण झाले. शेजाऱ्याच्या जाळीने आपले मूल वाचते, असा हा प्रकार!

२००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत मलेरियाचे सुमारे ६६ कोटी रुग्ण टळले आणि त्यातील दोन तृतीयांशांहून अधिक श्रेय मच्छरदाण्यांचे, असा अंदाज ‘नेचर’मधील एका संशोधनाने मांडला. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात मलेरियाने ५ लाख ९७ हजार बळी घेतले. त्यातील ९५ टक्के आफ्रिका विभागातले आणि त्यांतही चारात तीन पाच वर्षांखालची मुले.

मच्छरदाणी फुकट द्यावी की थोडे पैसे घ्यावेत, हा वाद बराच रंगला होता. ‘फुकटची किंमत नसते’ असे आपल्याकडेही सर्रास म्हटले जाते. अर्थशास्त्रज्ञ जेसिका कोहेन आणि पास्कलिन द्युपा यांनी केनियातील गर्भवतींच्या तपासणी केंद्रांवर हे पडताळून पाहिले. फुकट मिळणाऱ्या मच्छरदाणीला जेमतेम ६० सेंट किंमत लावताच ती घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्के बिंदूंनी कोसळले. आणि पैसे मोजणाऱ्या बायका ती अधिक नेमाने वापरत होत्या म्हणावे, तर तसेही नव्हते. शेजाऱ्याला होणारा फायदा लक्षात घेता, माझ्या मते हा वाद तिथेच मिटायला हवा.

मात्र घेतलेली मच्छरदाणी टांगली जातेच असे नाही. उकाडा असतो, एकाच खोलीत रात्री झोपायचे आणि दिवसा स्वयंपाक करायचा असतो, कोरड्या ऋतूत डास दिसत नाहीत. टांगानिका सरोवराकाठी या जाळ्यांनी मासेमारी होते, याची बातमी पाश्चात्त्य वर्तमानपत्रांत मोठी झाली. पण उपाशी घरात जाळीचा उपयोग कशासाठी होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

खरी अडचण समजुतीची असते. टांझानियात लहान मुलाला तापात झटके आले की त्याला ‘देगेदेगे’ म्हणतात आणि त्याचा संबंध पक्षी व आत्म्यांशी जोडला जातो. ‘मलेरिया’ म्हणजे साधा ताप, ‘देगेदेगे’ म्हणजे वेगळेच संकट. मग डासाच्या जाळीने ते कसे टळेल? या आईला भित्तिपत्रक दाखवून काही उपयोग नसतो. तिच्याच भाषेत, तिच्याच शब्दापासून सुरुवात करणारी गावातली कार्यकर्ती लागते, आपल्या आशाताईंसारखी. इथिओपियाने २००३ पासून अशा तीस हजारांहून अधिक स्त्रिया पगारी नेमल्या.

इकडे डासही बदलले. पायरेथ्रॉइड पचवणारे डास आफ्रिकेच्या बहुतेक भागांत आढळतात. त्यावर क्लोरफेनापिर या दुसऱ्या औषधाची जोड दिलेल्या जाळ्या आल्या. हे औषध मज्जातंतूंवर नव्हे, तर पेशींच्या ऊर्जानिर्मितीवर घाव घालते. टांझानियातील मिसुंगवी जिल्ह्यातील चाचणीत जुन्या जाळ्यांच्या तुलनेत दोन वर्षांत मुलांमधील मलेरिया ४४ टक्क्यांनी कमी राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२३ मध्ये त्यांची शिफारस केली. त्या थोड्या महाग पडतात.

आणखी एक पाहुणा आपल्याकडचा आहे. मुंबईत इमारतींवरच्या टाक्यांत वाढणारा ॲनोफेलिस स्टीफेन्सी २०१२ मध्ये जिबुतीत सापडला आणि पुढे इथिओपिया, सुदानपर्यंत पोचला. तो शहरात रमतो आणि माणसे अंथरुणात शिरण्याआधीच, संध्याकाळीही चावतो. त्याच्यापुढे मच्छरदाणी अपुरी पडते. टाकीचे झाकणच तपासावे लागते. पुण्यात तयार होणारी आर-२१ लस आता काही आफ्रिकी देशांत दिली जाते, पण ती मच्छरदाणीच्या जोडीने द्यायची आहे, तिच्या जागी नव्हे.

आणि आता पैशाचा प्रश्न. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि २००५ पासून चाललेला तिचा मलेरिया कार्यक्रम विस्कळीत झाला. मच्छरदाणी कागदोपत्री तीन वर्षे टिकते. चुलीच्या ठिणग्या, उंदीर आणि खाटेचे खिळे यांमुळे प्रत्यक्षात पुष्कळदा त्याआधीच फाटते. म्हणून वाटप दर तीन वर्षांनी ठरलेले असते, तेही पावसाआधी. ते सहा महिने लांबले, तर फाटक्या जाळीखाली एक पूर्ण पावसाळा काढावा लागतो.