रेटिंग नेमके कशाचे?

वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातल्या गाळेमालकाकडे पॉलिसीच्या नूतनीकरणाला गेलेला आपला विमा प्रतिनिधी एक वाक्य हमखास टाकतो: “शेठ, ट्रिपल-ए कंपनी आहे, क्लेमची चिंता सोडा.” जुलै 2018 च्या पुरात ज्यांच्या यंत्रांत पाणी शिरले होते, त्यांना या वाक्याने बरे वाटते. खप वाढवायला ते उपयोगीही पडते. आमचे म्हणणे एवढेच की, हे वाक्य बोलणाऱ्याला ते मानांकन कशाचे आहे हे ठाऊक असावे. बहुतेकदा ते ठाऊक नसते.

विमा कंपनीच्या माहितीपत्रकावरची ती तीन अक्षरे बऱ्याच वेळा तिने काढलेल्या गौण कर्जरोख्यांची असतात. रोखेधारकाला व्याज आणि मुद्दल वेळेवर मिळेल का, एवढेच ती सांगतात. गंमत अशी की कंपनी बुडाली तर रांगेत पॉलिसीधारक आधी आणि हा रोखेधारक मागे, त्यामुळे रोख्याचे रेटिंग घसरले म्हणून दावा बुडतोच असे नाही. दावे फेडण्याच्या क्षमतेचे मानांकन वेगळे असते. मूल्यांकन संस्थांपैकी इक्राचे ‘आयएएए’ किंवा एएम बेस्टचे ‘ए-मायनस’ हे त्या जातीचे. तेही क्षमतेबद्दल बोलते, सर्व्हेअरचा अहवाल किती दिवस टेबलावर पडून राहील याबद्दल नाही.

मानांकनाचा खरा अंमल चालतो तो घाऊक बाजारात, म्हणजे पुनर्विम्यात. पुनर्विमा कंपनी जीआयसी रीचे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. एएम बेस्टने 2020 मध्ये चर्चगेटच्या या कंपनीला ‘ए-मायनस’वरून ‘बी डबल-प्लस’वर आणले. परदेशातल्या अनेक विमा कंपन्या आणि दलाल ‘ए-मायनस’च्या खाली जोखीम सोपवतच नाहीत, करारातच तसे कलम असते. म्हणजे कंपनीकडे भांडवल असूनही दार बंद. हे मानांकन परत ‘ए-मायनस’ व्हायला नोव्हेंबर 2024 उजाडले. मधल्या काळात वालीवच्या पॉलिसीत मात्र अक्षरही बदलले नाही. प्रत्येक पॉलिसीतला पुनर्विम्याचा सक्तीचा हिस्सा, आधी 5 टक्के आणि 2022-23 पासून 4 टक्के, जीआयसीकडे जातच राहिला, कारण तो कायद्याने जातो, पसंतीने नाही. भारतात जोखीम घेऊ पाहणाऱ्या परदेशी पुनर्विमा कंपनीलाही विमा नियामक आयआरडीएआयने किमान ‘बीबीबी’ची अट घातली आहे. मोठी जोखीम फॅकल्टेटिव्हला, म्हणजे एकेका जोखमीच्या स्वतंत्र पुनर्विम्याला, टाकणाऱ्या दलालाने ही साखळी पाठ ठेवायलाच हवी. गाळेमालकाला ती ऐकवण्याची गरज नाही.

दुसरी जागा म्हणजे विमा कंपनीची गुंतवणूक, आणि इथे आमचा सूर कडक आहे. आपल्या ग्राहकांच्या हप्त्यांतून आलेला पैसा कोणत्या रोख्यात जावा, हे नियमांनी बरेचसे मानांकनावर टांगले आहे. आयएल अँड एफएस या वित्त समूहाचा कागद ऑगस्ट 2018 च्या सुरुवातीपर्यंत ‘एएए’ होता. सप्टेंबर संपेपर्यंत तो ‘डी’ झाला. सुमारे 91 हजार कोटींच्या कर्जाचा हा समूह, आणि एलआयसी त्याची सर्वांत मोठी भागधारक. मूल्यांकन संस्थांच्या नजरेला हे आठ आठवडे आधी दिसले नाही, की दिसूनही लिहिले गेले नाही? सेबीने डिसेंबर 2019 मध्ये इक्रा, केअर आणि इंडिया रेटिंग्ज यांना प्रत्येकी 25 लाखांचा दंड केला आणि पुढच्या वर्षी तो 1 कोटीवर नेला. एवढ्या मोठ्या पडझडीपुढे ही रक्कम किरकोळच.

ज्याचे मोजमाप करायचे तोच मोजणाऱ्याला फी देतो, हा दोष जुना आणि सर्वांना माहीत आहे. पण सारा ठपका मूल्यांकन संस्थांवर ठेवून गुंतवणूक विभागाला सुटू देता येणार नाही. आयआरडीएआयच्या गुंतवणूक विनियमांतच म्हटले आहे की मानांकन हा स्वतःच्या जोखीम-विश्लेषणाला पर्याय नव्हे, आणि ते विश्लेषण झेपत नसेल तर विमा कंपनीने अशा गुंतवणुकीपासून दूर राहावे. वाक्य स्वच्छ आहे. ते पाळले जाते का, हे गुंतवणूक समितीच्या इतिवृत्तात एखाद्या ‘एएए’ कागदाला दिलेला नकार सापडतो का, यावरून कळेल.

आता पुन्हा वालीव. इथले बहुतेक गाळे भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा किंवा भारत लघु उद्यम सुरक्षा या पॉलिस्यांत बसतात. पहिली 5 कोटींपर्यंत, दुसरी त्यापुढे 50 कोटींपर्यंत. पूर दोन्हींत आहे, 15 टक्क्यांपर्यंतचा कमी विमाही माफ आहे. तरी दावे अडतात: माल शेजारच्या गाळ्यात हलवलेला, शेड्यूलवर जुनाच पत्ता, यंत्राची किंमत पाच वर्षांपूर्वीची, साठ्याची नोंदवही पाण्यात गेलेली आणि दुसरी प्रत कुठेच नाही. कोणत्याही मूल्यांकन संस्थेच्या अहवालात हे येत नाही. प्रपोजल भरून घेताना गाळा प्रत्यक्ष पाहणाऱ्या विमा प्रतिनिधीला ते दिसते, आणि पुढच्या पावसाळ्याआधी पत्ता व विमारकमेची दुरुस्ती करून घेणे त्याच्या हातात आहे. माहितीपत्रकावर मानांकन छापायचेच असेल तर त्याशेजारी संस्थेचे नाव, मानांकन कशाचे आणि कोणत्या तारखेचे, हेही छापावे, अशी मागणी आम्ही विमा कंपन्यांकडे करत आहोत.