घरचा कायदा कोणीं अडविला?

१९०२ सालीं निजामानें आमचा वऱ्हाड सालीना २५ लाख रुपयांवर इंग्रजांस कायमच्या मक्त्यानें दिला. अकोल्याच्या कुणब्यास वा अमरावतीच्या कोष्ट्यास कोणीं विचारलें नाहीं. तेव्हां करार म्हटला कीं आमचा माणूस बिचकतो, यांत नवल नाहीं. पण १९९८ सालीं रोम येथें १२० राष्ट्रांनीं मान्य केलेला करार निराळा आहे. वंशसंहार व युद्धांतील अत्याचार यांबद्दल हेग येथें फौजदारी न्यायालय बसावें, आणि राजा असो कीं प्रधान, हुद्द्यामुळें कोणासही सूट नसावी, असें त्यांत आहे. जात पाहून शिक्षा सांगणारें मनुशास्त्र ज्यांच्या वाडवडिलांनीं सोसलें, त्यांस या कलमाचें मोल आम्हीं सांगावें काय?

आमचें राष्ट्र तेव्हां तटस्थ राहिलें व अद्याप सही नाहीं. सुरक्षा परिषदेस खटले पाठविण्याची व थोपविण्याची मुभा दिली हा पंक्तिप्रपंच झाला, ही सरकारची तक्रार. ती खोटी नव्हे. पण घरचा कायदा कोणीं अडविला? वंशसंहाराविरुद्धच्या करारानें आपण १९५९ सालीं स्वतःस बांधून घेतलें. तरी तो गुन्हा आमच्या फौजदारी कायद्यांत नाहीं, २०२३ च्या न्यायसंहितेंतही आला नाहीं. १९८४ च्या शीख हत्याकांडाच्या एका खटल्यांत दिल्ली हायकोर्टानें २०१८ सालीं हेंच व्यंग दाखविलें. त्या खटल्यांत एका माजी खासदारास शिक्षा व्हावयास ३४ वर्षें लागलीं! दंग्यांत मरतो हातावर पोट असलेला, कोर्टांत उभा राहतो काठी उगारणारा, आणि चिथावणारा घरीं बसतो.

अमरावती व अकोला येथून दिल्लीस जाणाऱ्या खासदारांनीं हा प्रश्न लोकसभेंत विचारावा. वाचकांनीं तो आधीं त्यांस विचारावा.