पहिल्या तळावरचे अदृश्य उत्पादन

बेसबॉल हा आपला खेळ नव्हे. तथापि अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने लक्ष द्यावे असे एक कोडे त्यात आहे. ज्या श्रमाची नोंद दुसऱ्याच्याच खात्यावर होते, त्याचे मोल बाजाराने ठरवावे कसे?

फलंदाजाने चेंडू जमिनीवरून टोलविला की क्षेत्ररक्षक तो उचलून पहिल्या तळाकडे फेकतो. तेथील खेळाडूने एक पाय तळाला टेकवून, फलंदाज पोचण्यापूर्वी तो झेलावयाचा. काम वरवर सोपे. म्हणून धिप्पाड, संथ, पण लांब टोले मारणाऱ्यांची सोय लावण्याची जागा, अशीच या स्थानाची ख्याती आहे. आजचे संख्याशास्त्रही त्याला दुजोरा देते. ‘फॅनग्राफ्स’च्या प्रचलित हिशेबात १६२ सामन्यांच्या हंगामाला पहिल्या तळाच्या खेळाडूच्या नावे १२.५ धावा वजा होतात, तर शॉर्टस्टॉपच्या नावे ७.५ धावा जमा. दहा धावा म्हणजे साधारणतः एक विजय. दोन स्थानांतील अंतर दोन विजयांचे झाले.

२००१च्या हंगामानंतर ओकलंडचा जेसन जिआंबी यांकीज संघाकडे गेला, सात वर्षांच्या १२ कोटी डॉलरच्या करारावर. ओकलंडने अल्प मोलात स्कॉट हॅटेबर्गला आणले. हा मूळचा कॅचर. कोपरातील मज्जातंतूच्या दुखापतीमुळे त्याची फेक गेलेली, आणि पहिला तळ त्याला सर्वस्वी नवखा. प्रशिक्षक रॉन वॉशिंग्टन यांनी त्याला घडविले. २००२ मध्ये संघाने १०३ सामने जिंकले. ४ सप्टेंबरचा सलग विसावा विजय हॅटेबर्गच्याच टोल्याने मिळाला. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की, जे शिकविता येते त्याला पैसे कशाला मोजावयाचे? हा तर्क मला मान्य नाही. पाणी स्वस्त असते ते मुबलक असते म्हणून. त्यावरून ते निरुपयोगी ठरत नाही.

खरी मेख नोंदवहीत आहे. फेक वाकडी आली, चेंडू मातीत आपटला आणि पहिल्या तळावरच्या खेळाडूने तो सोडला, तर चूक बहुधा फेकणाऱ्याची लिहितात. त्याने तो खुबीने टिपला, तर अधिकृत तक्त्यात त्यासाठी रकानाच नाही. खासगी संस्थांनी अलीकडे अशा झेलांची मोजदाद आरंभिली आहे, एवढेच. आपल्या एकनाथ सोळकरांची आठवण येथे होते. २७ कसोटींत ५३ झेल! निव्वळ फलंदाजीच्या सरासरीवर त्यांची निवड करावयाची असती, तर ते किती सामने खेळते?

बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने हा हिशेब दोनदा चुकता केला. १९८६च्या जागतिक मालिकेतील सहाव्या सामन्यात, २५ ऑक्टोबरला, धावसंख्या बरोबरीत असताना एक साधा चेंडू बिल बकनरच्या पायांमधून गेला. बकनर उत्तम फलंदाज, पण घोटे दुखावलेले. आणि बदली क्षेत्ररक्षक डेव्ह स्टेपल्टन बाकावर बसून होता. (सारा दोष बकनरच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. सातवा सामना अजून उरला होता, तोही संघाने गमावला.) ३१ जुलै २००४ रोजी याच संघाने लोकप्रिय नोमार गार्सियापारा याला सोडले आणि त्या व्यवहारात पहिल्या तळाचा निष्णात क्षेत्ररक्षक डग मिंटकेविच घेतला. त्याची बॅट बेताचीच होती. आघाडी राखावयाची असली म्हणजे अखेरच्या डावांत त्याला उतरवीत. १९१८ नंतरचे पहिले विजेतेपद निश्चित करणारा चेंडू त्याच्याच हातमोज्यात विसावला.

म्हणून संघांनी भरगच्च वेतन फलंदाजीलाच द्यावे, पण क्षेत्ररक्षणाची किंमत शून्य धरू नये. शिवाय २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये केवळ फलंदाजी करणाऱ्या खेळाडूची तरतूद आहे, त्यामुळे जुनी सबब उरलेली नाही. त्या स्थानाला १७.५ धावा वजा होतात, म्हणजे पहिल्या तळापेक्षा पाच अधिक. तेव्हा जो टोलेबाज पहिल्या तळावर तेथील सर्वसाधारण खेळाडूपेक्षा हंगामात पाचाहून अधिक धावा गमावीत असेल, त्याच्या हातून हातमोजा काढून घेणेच संघाला स्वस्त पडेल. अर्थात ती खुर्ची दुसऱ्या कोणी आधीच अडविली नसेल तर.