सुरुवातीचा ठोका

भारताची प्रमाणवेळ ज्या ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते, ते बिलासपूर आणि चांपा यांच्या दरम्यान हावडा-मुंबई रेल्वेमार्ग ओलांडते. रायपूर त्याच्या किंचित पश्चिमेला आहे, त्यामुळे इथला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी जेमतेम साडेतीन मिनिटे मागे असतो. रेल्वेने ही वेळ जुलै १९०५ मध्ये स्वीकारली. त्याआधी रेल्वेची घड्याळे मद्रास वेळेवर चालत. नव्या वेळेसाठी स्टेशनावरचे काटे नऊ मिनिटे पुढे सरकवावे लागले.

१ जानेवारी १९०६ पासून हीच वेळ सरकारी कामकाजालाही लागू झाली. पण सगळा देश त्या क्षणी एका वेळेवर आला नाही. मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि शहराने ती सोडायला नकार दिला. गिरणी कामगारांनी त्या जानेवारीतच निदर्शने केली. कोलकात्याची स्वतंत्र वेळ १९४८ पर्यंत टिकली, मुंबईची तर १९५५ पर्यंत. दोन्ही शहरांची घड्याळे अचूक होती आणि त्यांचा वेगही सारखाच होता. तंटा होता तो मोजणी कुठून सुरू करायची याचा.

हा जुना इतिहास आज उगाळण्याचे कारण आहे. एप्रिल २०२५ मध्ये नवा रायपूरमध्ये गॅलियम नायट्राइड सेमीकंडक्टरच्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि छत्तीसगड चिप उद्योगाच्या नकाशावर येऊ पाहत आहे. ज्या प्रश्नाने मुंबईला अर्धे शतक घोळात ठेवले, तो चिप रचणाऱ्या अभियंत्यासमोर रोज उभा असतो.

चिपमधले लाखो फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एकेक बिट धरून ठेवणारी छोटी मंडले, क्लॉकच्या ठोक्यावर आपली स्थिती बदलतात. एक गिगाहर्ट्झचा क्लॉक म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. दोन ठोक्यांमध्ये प्रकाशसुद्धा फक्त ३० सेंटिमीटर जातो. हा ठोका चिपच्या कानाकोपऱ्यात एकाच वेळी पोहोचावा म्हणून अभियंत्यांनी कित्येक दशके कष्ट घेतले. रीसेटकडे मात्र तेवढे लक्ष गेले नाही. वीज आली की सगळे फ्लिप-फ्लॉप ठराविक स्थितीत धरून ठेवायचे आणि मग सोडून द्यायचे, यात अवघड ते काय, असे वाटते. अवघड आहे ते सोडणेच. रीसेटचा संकेत कुठे थोडा आधी पोहोचतो, कुठे थोडा नंतर. त्या फटीत क्लॉकचा ठोका पडला तर काही फ्लिप-फ्लॉप या ठोक्याला कामाला लागतात, तर काही पुढच्या. मोजणी करणाऱ्या मंडलातले दोन बिट पुढे जातात, तिसरा मागे राहतो आणि यंत्रणा अशा स्थितीत शिरते जी आराखड्यात कधी नव्हतीच.

याहून वाईट म्हणजे रीसेट ठोक्याच्या अगदी जवळ सुटला तर फ्लिप-फ्लॉप शून्य आणि एक यांच्या मध्येच काही काळ लोंबकळतो. थॉमस चेनी आणि चार्ल्स मोल्नार यांनी १९७३ मध्ये ही अवस्था मोजमापांसह दाखवून दिली. ती पूर्णपणे टाळता येत नाही, पण वाट पाहिली की तिची शक्यता झपाट्याने घटते.

यावरचा उपाय म्हणजे रीसेट लावायचा तो तत्काळ, क्लॉकची वाट न पाहता. सोडायचा तो मात्र क्लॉकच्या तालावर, एकापाठोपाठ जोडलेल्या दोन फ्लिप-फ्लॉपमधून. त्याआधी क्लॉक स्थिर झाल्याची खात्री करायची. शिवाय मूळ क्लॉक दोनने भागून मंद क्लॉक तयार करणारी मंडले एकापेक्षा जास्त असतील, तर त्यांना एकाच ठोक्यावर सुरू करणारा सामायिक संकेत द्यायचा. नाहीतर वेग तंतोतंत सारखा असूनही एक मंडल वर असताना दुसरे खाली, अशी उलटी जोडी तयार होते आणि पुढच्या रीसेटपर्यंत तशीच राहते. १९०६ नंतरची मुंबई आणि रेल्वे यांचे नाते नेमके असेच होते.

दुसराही मार्ग आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण पुण्याचे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅक या संगणन संशोधन संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या चिप जोडून. प्रत्येक ट्रान्सप्युटरला बाहेरून पाच मेगाहर्ट्झचा क्लॉक मिळे, पण शेजारच्या दोन चिपांचे ठोके एकाच क्षणी पडण्याची गरज नव्हती. प्रत्येक बाइटच्या आरंभीच्या बिटवरून घेणारी चिप आपला ताल नव्याने जुळवून घेई. सगळ्यांनी एकदम सुरुवात करावी, हा हट्टच त्या रचनेत ठेवला नव्हता. आरंभाचा प्रश्न कुठे सोडवायचा हे पहिल्याच आराखड्यात ठरवण्यातली ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते.

रायपूरकडे या विद्येची पुंजी नाही असे नाही. खाणकाम आणि धातुशास्त्राचे सरकारी महाविद्यालय म्हणून १९५६ मध्ये सुरू झालेली संस्था २००५ पासून राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. २०१५ पासून नवा रायपूरमध्ये ट्रिपल आयटीही आहे. गॅलियम नायट्राइडचा कारखाना मुख्यतः विद्युतशक्ती आणि रेडिओ लहरींच्या कामाचे घटक घडवेल. लाखो फ्लिप-फ्लॉपांना एका तालावर आणण्याची विद्या तिथून आपोआप येणार नाही, ती वर्गातच घडवावी लागेल.

आणि तिथेच उणीव राहते. संगणकावरच्या साध्या सिम्युलेशनमध्ये सगळे फ्लिप-फ्लॉप रीसेटमधून एकाच क्षणी बाहेर येतात, म्हणून दोष दिसत नाही. तो दिसतो खऱ्या चिपवर, हजारो वेळा वीज घालून-काढून, तापमान आणि व्होल्टेज बदलून पाहिल्यावर. चिप्स टू स्टार्टअप योजनेतून विद्यार्थ्यांची रचना मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत प्रत्यक्ष चिप होऊन मिळू शकते. रायपूरच्या दोन्ही संस्थांनी याचा पुरेपूर लाभ घ्यावा आणि विद्यार्थ्याची चिप एकदा चालली म्हणून गुण देऊ नयेत. ती पुन्हा पुन्हा बंद करून सुरू करावी, प्रत्येक वेळी त्याच स्थितीतून निघते का ते नोंदवावे आणि त्या नोंदीवर गुण द्यावेत. राज्य सरकारने पायाभरणीसाठी दाखवलेली तत्परता अशा चाचणी प्रयोगशाळांसाठीही दाखवावी, आणि तीही कारखान्यातून पहिला माल बाहेर पडण्याच्या आत.