रंध्याचा माणूस रोजावर जातो, तिथेच चुकतो

विश्वकर्मा योजनेच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच होता. "सर, सुतारकाम घरचं आहे. एक लाख मिळाले तर मशिन घेऊ की फर्निचरचं दुकान टाकू?" व्हिडिओत मी दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढे पळालो. तसं करायला नको होतं, म्हणून इथे नीट लिहितो. हे माझं मत आहे. पटलं नाही तर खाली बिनधास्त भांडा.

आधी माझीच एक चूक सांगतो. भिवंडीच्या बॅचला एक पोरगा यायचा. वडील सुतार, जुन्या हाताचे. करवत, पटाशी, वाकस, रंधा, गुण्या, गिरमिट, सगळा संसार एका गोणपाटाच्या पिशवीत. पोराला दुकान टाकायचं होतं, वडील नको म्हणत होते. मी वर्गात सगळ्यांसमोर पोराची बाजू घेतली. "काका, काळ बदलला," वगैरे बोललो. आम्ही ट्रेनर लोक असं फार सहज बोलतो.

मग एका रविवारी दोघांना घेऊन काशेलीला गेलो. ठाणे-भिवंडी रस्त्यावर खाडी ओलांडली की फर्निचरची दुकानं सुरू होतात, ती तुम्ही पाहिलीच असतील. काकांनी एका कपाटाचा खण बाहेर ओढला, उलटा केला, कडेला नख लावलं आणि म्हणाले, "भुसा दाबून केलाय." पोरगा जिंकल्यासारखा हसला, म्हणाला, "बाबा, गिऱ्हाईक नख लावून बघत नाही." काकांनी किंमत विचारली. बाहेर आल्यावर एवढंच बोलले, "सर, एवढ्यात मला नुसतं लाकूड येत नाही."

विषय तिथे संपला. जो माल कारखान्यात ताव्यावर ताव कापून बनतो आणि गोदामातून ट्रकने सुटतो, त्याच्याशी किमतीत लढायला एका माणसाने उतरायचंच नाही. आणि भिवंडीत तर अजिबात नाही. मानकोलीपासून वळ-दापोड्यापर्यंत गोदामंच गोदामं आहेत. ऑनलाइन मागवलेला बराच माल इथून सुटतो. तुमच्या दुकानाचा स्पर्धक समोरच्या गाळ्यात बसलेला नाही, तो गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये आहे.

आता कर्जाचं बघा. योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. 18 पारंपरिक व्यवसायांत सुतार आहे. हत्यारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर, प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये भत्ता आणि तारण न ठेवता कर्ज: पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत, 18 महिन्यांत फेडायचं, व्याज 5 टक्के. लोक 5 टक्के ऐकून खूश होतात, हप्ता कोणी काढत नाही. मी काढला. महिन्याला साधारण 5,780 रुपये. व्याज सगळं मिळून चार हजारांच्या आसपास, म्हणजे स्वस्तच आहे. पण हप्ता दुसऱ्या महिन्यापासून दारात उभा राहतो, आणि दुकानात पहिल्या सहा महिन्यांत गिऱ्हाईक फक्त भाव विचारून जातं. त्यातून डिपॉझिट आणि भाडं गेलं की एका लाखातलं मालासाठी उरतं काय?

बरं, मग काकांचं पोट कशावर चालत होतं? मी त्यांना मागच्या महिन्यातली कामं आठवायला लावली. एका शाळेचे हलणारे बाक. कामतघरला एका बिल्डिंगमधले फुगलेले दरवाजे. एका दवाखान्याचं टेबल. आणि ओळखीच्या शेठचा यंत्रमाग. साध्या मागात धोटा लाकडाचा असतो, त्याला फटका मारणारी काठीही लाकडाची. फटका खाऊन खाऊन लाकूड तडकतं आणि माग थांबतो. बिनधोट्याचे माग येताहेत तसं हे काम कमी होत जाणार, त्यावर भरवसा ठेवू नका. पण बाकीच्या कामांकडे बघा. त्यात एकही नवीन वस्तू नाही. सगळी दुरुस्ती, सगळी जागेवर जाऊन, आणि सगळी अशी की मशिन तिथे नेणं परवडत नाही किंवा नेलं तरी उपयोग नाही.

फुगलेल्या दरवाजाचंच घ्या. पावसात लाकूड हवेतलं पाणी पितं आणि रुंदीत वाढतं. जुलैमध्ये दार अडकलं म्हणून कोणी इलेक्ट्रिक रंधा भसाभसा फिरवला तर जानेवारीत त्याच दाराला बोटभर फट पडते. हाताच्या रंध्याने कागदासारखे साल काढत जायचं, दार लावून बघायचं, जिथे घासतंय तिथेच पुन्हा दोन हात मारायचे. मग उघडी पडलेली कड रंगवून बंद करायची, नाहीतर पुढच्या पावसात परत तेच. काका हे काम अर्ध्या-पाऊण तासात करतात, कारण पातं रोज धार लावलेलं असतं.

आणि इथेच गोची आहे. काका जातात रोजावर. म्हणजे पैसे दिवसाचे. दिवसाचे पैसे घेणाऱ्याने काम अर्ध्या तासात संपवलं तर गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्याशा कामाचे एवढे?" काका मला हळूच म्हणाले, "म्हणून मी परत एकदा रंधा फिरवल्यासारखं करतो. वेळ दिसायला पाहिजे ना लोकांना." मंडळी, मला ते ऐकून वाईट वाटलं. तीस-पस्तीस वर्षं घासून कमावलेला हात, आणि तो लपवायला लागतो! बोथट हत्यारवाला दिवसभर झटतो आणि पूर्ण रोज घेऊन जातो. रोजंदारीत हुशार माणसाचाच तोटा होतो. नाक्यावर सकाळी पिशवीतून करवतीची मूठ बाहेर काढून बसलेले सुतार बघा. त्यात चांगला कोण आणि शिकाऊ कोण, हे कळायला मार्ग नाही. भाव एकच.

आपल्याकडे आधी असं नव्हतं. गावगाड्यात सुतार बारा बलुतेदारांतला, तोही पहिल्या ओळीतला. नांगर, कुळव, पाभर, गाडीचं चाक, वर्षभर जे मोडेल ते त्याने नीट ठेवायचं आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचं. तास कोणी मोजत नव्हतं. नांगर पेरणीच्या दिवशी चालला पाहिजे, एवढंच मोजलं जायचं. आज लिफ्टवाला, एसीवाला, पाण्याच्या फिल्टरवाला तुमच्याकडून जो वार्षिक देखभाल करार करून घेतो तो दुसरं काय आहे? बलुत्याचं कौतुक मी आंधळेपणाने करत नाही. जात जन्माने चिकटलेली, धान्य किती द्यायचं ते देणाऱ्याच्या हातात, आणि काम सोडून जायची सोय नाही. ते सगळं गेलं ते बरंच झालं. पण त्यासोबत वर्षाचा हिशोबही गेला आणि सुतार नाक्यावर येऊन बसला, हे मात्र नुकसान आहे.

म्हणून माझं म्हणणं: हाताचं काम येत असेल तर दुकान नको, रोज नको, वर्षाचा करार विका. समजा 40 घरांची सोसायटी आहे. घरटी वर्षाला 600 रुपये, म्हणजे 24,000. त्यात मे अखेर एक फेरी आणि दिवाळीनंतर एक: दारं, खिडक्या, कड्या, बिजागऱ्या, मीटर रूमचं दार, ऑफिसचं कपाट. मध्ये अडलं तर दोन दिवसांत हजर. मोठं काम आणि सामान वेगळं. अशा चार सोसायट्या आणि एक शाळा झाली की हप्त्याची भीती राहत नाही. हे आकडे माझे अंदाज आहेत, तुमच्या भागात विचारून तुमचे टाका. काय काय करणार आणि काय नाही, हे एका कागदावर लिहून द्या. न लिहिलेल्या करारात सुताराकडून पडदे लावून घेतले जातात!

मग मशिन? घ्या, पण छोटी: ड्रिल, हातात धरायची करवत, एक चांगली बॅग. 15,000 च्या व्हाउचरमध्ये हत्यारांचं बरंच भागतं. कर्ज काढायचंच असेल तर सेकंडहँड दुचाकी बघा. फेरी करणाऱ्याचं खरं मशिन तेच.

काही जण विचारतात, हौशी लोकांना रंधा शिकवायचे क्लास घेऊ का? मुंबई-पुण्यात अशी मंडळी आहेत, सुट्टीच्या दिवशी पैसे देऊन लाकूड तासतात. अमेरिकेत लाय-निल्सन नावाची कंपनी 1981 पासून फक्त चांगली हातहत्यारं बनवून अशाच लोकांवर उभी आहे. तेव्हा गिऱ्हाईक खोटं नाही, पण थोडं आहे. घर चालायला लागल्यावर महिन्यातून एक रविवार करा. आधी नको.

त्या बाप-लेकांचं काय झालं? पोरगा सोसायट्यांमध्ये जाऊन बोलतो, काका काम करतात. एक सोसायटी तयार झाली आहे. गंमत म्हणजे अडून बसलेत काका. वर्षाचे पैसे आधी घेतले की माणूस बांधला जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आजोबांनी बलुतं पाहिलं होतं, त्यामुळे मी यावर फार वाद घातला नाही. शेवटी अर्धे आधी, अर्धे दिवाळीच्या फेरीनंतर, आणि दोघांपैकी कोणीही एक महिना आधी सांगून मोकळं व्हायचं, असं कागदावर लिहिलं. काकांनी कागद दोनदा वाचला आणि पोराला म्हणाले, "चहा त्यांचा, ते पण लिही."