टस्कनीचा ‘साधेपणा’

इटलीच्या खेड्यापाड्यांतून हिंडून आलेल्या लेखकांची एक ठराविक तऱ्हा होऊन बसली आहे. टेकडीवरचें दगडी घर, भोंवतीं द्राक्षमळा, मेजावर वाइनचा चंबू, अळणी पाव व पांढऱ्या घेवड्याचें सूप. आणि मग लेखकमहाशयांचा उसासा, ‘अहाहा! किती हें साधें, समाधानी जीवन!’ आमचा आक्षेप या उसाशावर आहे. जेवणावर नाहीं, तें रुचकर असतें याविषयीं दुमत नाहीं.

हें समाधान होतें कोणाचें? टस्कनींत शेंकडों वर्षें अर्धेलीची शेती चाले. जमीन व घर धन्याचें, कष्ट कुळाचे, पीक निम्मेंनिम. शिवाय धन्याकडे नाताळांत पोसलेले कोंबडे व एरवीं अंडीं पोंचवावयाचीं. घरांत लग्न ठरवावयाचें तर पुष्कळ ठिकाणीं त्यालाहि धन्याची संमति लागे! आज जिची एवढी वाखाणणी होते ती ‘रिबोल्लिता’ म्हणजे शिळा पाव, काळसर पानांचा कोबी व घेवडा यांचें सूप. नांवाचा अर्थच ‘पुन्हा उकळलेली’. ‘पान्झानेल्ला’ म्हणजे भिजवलेला शिळा पावच. शिळ्या पावावर एवढी बुद्धि खर्च झाली ती हौसेनें नव्हे. पाव टाकून देण्याची ऐपत नव्हती म्हणून. आणि वाइन? चांगली होती ती बाजारांत जाई. कुळाच्या घरीं बहुधा द्राक्षांच्या चोथ्यावर पाणी ओतून काढलेलें पातळ पेय असे.

एवढें समाधान असतें तर हीं माणसें तेथेंच राहिलीं असतीं. दुसऱ्या महायुद्धानंतर संधि मिळतांच तीं शहरांकडे व कारखान्यांकडे निघून गेलीं. १९६४ च्या कायद्यानें अर्धेलीचे नवे करार बंद केले. ओस पडलेलीं घरें पुढें पैसेवाल्यांनीं घेतलीं, आणि १९८५ च्या कायद्यानें शेतकऱ्यास घरीं पाहुणे ठेवण्याची रीतसर वाट मोकळी झाली. प्रवाशाचें तें दगडी घर येथून आलें आहे.

‘पुरातन परंपरेची वाइन’ हें दुसरें थोतांड. १९६७ च्या नियमांनीं कियांतीच्या तांबड्या वाइनमध्यें शेंकडा १० ते ३० पांढरीं द्राक्षें घालणें सक्तीचें केलें होतें. वाइन पातळ झाली तरी नियम तो नियम! तेव्हां १९७१ च्या पिकाची ‘तिन्यानेल्लो’ कियांतीचें नांव सोडून, साध्या जेवणाच्या वाइनच्या हलक्या दर्जाखालीं बाजारांत आली. १९७५ पासून तींत पांढरें द्राक्ष मुळींच राहिलें नाहीं. कियांती क्लासिकोंतून तें २००६ सालीं वर्ज्य झालें. म्हणजे प्रवासी ज्या पेल्यावर लुब्ध होतो तो परंपरा पाळून नव्हे, मोडून भरलेला आहे.

कोणी म्हणतील, चार दिवस सुखासाठीं गेलेल्या माणसानें ही जंत्री कां वाहावी? आमचें म्हणणें, सुख खुशाल घ्यावें. रिबोल्लिता दोनदां मागून घ्यावी, पेला पुन्हा भरून घ्यावा. पण परत येऊन लिहावयास बसतांना, ज्यांनीं हें जेवण शोधून काढलें त्यांच्या तोंडीं आपलें समाधान घालूं नये. राद्दा किंवा गायोलेच्या बाजूस एखाद्या जुन्या घरांत जेवावयास बसाल, तेव्हां भिंतींत कोठें लोखंडी कडें उरलें असेल तर तें पाहावें. मेज मांडलें आहे तेथें बैल बांधीत. हिंवाळ्यांत त्यांचीच ऊब वरच्या बिऱ्हाडास मिळे.